सुईविना फेफरे थांबविणारी औषधे : ती कशी पारखली आणि आपल्या घरात कशी ठेवावीत



शेतीविस्ताराचे काम करणाऱ्या माणसाने फेफऱ्याच्या औषधाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. पहिले कारण असे की, फेफरे शेतावरही येते. चिखलणी चाललेल्या खाचरात येते, विहिरीच्या काठावर येते, ताडावर चढलेल्या माणसाला येते आणि चुलीपुढे भाकरी थापणाऱ्या बाईलाही येते. दुसरे कारण असे की, ही औषधे ज्या रीतीने पारखली गेली, ती रीत मूळची शेतीचीच आहे. भाताच्या नव्या वाणाची परीक्षा घेण्याची जी पद्धत आपण प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर पाहतो, तीच पुढे डॉक्टरांनी उचलली. म्हणून हा विषय शेतकऱ्याला समजायला कठीण नाही.

आपल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत या विषयाला आणखी महत्त्व आहे. किनाऱ्याकडे चिकूच्या वाड्या आणि रेल्वे, मध्ये महामार्ग, आणि पूर्वेला डोंगर. डोंगराकडच्या पाड्यांतून पावसाळ्यात रुग्णाला आधी डोलीने किंवा खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि मग वाहन शोधावे लागते. फेफऱ्याचा झटका मात्र घड्याळाप्रमाणे चालतो. तो कोणाची वाट पाहत नाही.

पाच मिनिटांचा हिशेब

फेफरे म्हणजे मेंदूतील विजेच्या प्रवाहात अचानक उठलेला गोंधळ. कोणी त्याला मिरगी म्हणतो, कोणी आकडी, कोणी फिट. वैद्यकात त्याला अपस्मार म्हणतात. माणूस खाली पडतो, अंग ताठ होते, हातपाय झटके देऊ लागतात, तोंडाला फेस येतो, कधी जीभ चावली जाते, कधी कपड्यात लघवी होते. पाहणाऱ्याला वाटते, आता माणूस गेला. पण बहुतेक झटके एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. मग माणूस थकून झोपतो आणि थोड्या वेळाने भानावर येतो.

याचमुळे कांदा हुंगवणे, चप्पल नाकाला लावणे, हातात लोखंडी किल्ली देणे, या उपायांना यश आल्यासारखे वाटते. झटका थांबायचाच होता. त्याच वेळी किल्ली हातात होती, एवढेच.

पण काही झटके थांबत नाहीत. जोराचा झटका पाच मिनिटांपेक्षा अधिक चालला, तर तो आपोआप थांबण्याची आशा कमी होत जाते. अर्ध्या तासापुढे गेला, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. जगातील अपस्मारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली हेच दोन आकडे ठरवून दिले : पाच मिनिटांनी उपचार सुरू करावा, आणि तीस मिनिटांच्या आत झटका थांबलाच पाहिजे. आता आपल्या पाड्यापासून डहाणू किंवा कासा येथील उपजिल्हा रुग्णालय, अथवा तलासरीचे ग्रामीण रुग्णालय किती मिनिटांवर आहे, याचा हिशेब प्रत्येकाने आपल्याशीच करावा. ज्यांचा हिशेब तीस मिनिटांच्या पुढे जातो, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

शीर सापडत नाही, ही खरी अडचण

लांबलेला झटका थांबविण्याची औषधे बरीच जुनी आहेत. डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम ही त्यांची नावे. ही एकाच घराण्यातील शामक औषधे आहेत. मेंदूत चेतना वाढविणारे आणि चेतना आवरणारे असे दोन्ही प्रकारचे संदेश सतत चालू असतात. ही औषधे आवरणाऱ्या संदेशाला जोर देतात. बैल उधळले म्हणजे कासरा आखडावा लागतो, तसेच हे. पण झटका जितका अधिक वेळ चालतो, तितकी मेंदूतील ज्या जागी हे औषध बसते त्या जागांची संख्या कमी होत जाते. म्हणून तेच औषध पाचव्या मिनिटाला जे काम करते, ते चाळिसाव्या मिनिटाला करीत नाही. कासराच हातातून निसटलेला असतो.

औषध शिरेतून दिले तर ते लगेच मेंदूत पोहोचते. पण झटके देणाऱ्या लहान मुलाच्या हातात शीर शोधणे हे निष्णात डॉक्टरलाही सोपे नसते. हात स्थिर राहत नाही, शीर आखडलेली असते, दोन-तीनदा टोचावे लागते. हे सारे दवाखान्यात. घरी किंवा शेताच्या बांधावर तर ते अशक्यच.

म्हणून डॉक्टरांनी शीर आणि सुई दोन्ही टाळणाऱ्या वाटा शोधल्या. पहिली वाट गुदद्वाराची. डायझेपामचे द्रव औषध लहान नळीने आत सोडायचे. ही रीत बरीच वर्षे चालली. औषध काम करते, पण चारचौघांत, विशेषतः मोठ्या मुलीला किंवा बाईला, ते देणे लाजिरवाणे होते. दुसरी वाट गालाची : मिडाझोलामचे थेंब गाल आणि हिरडी यांच्या मध्ये सोडायचे. तिसरी वाट नाकाची : तेच औषध नाकात बारीक तुषारांच्या रूपाने फवारायचे. गालाच्या आतील आणि नाकातील कातडी पातळ असते आणि तिच्याखाली रक्तवाहिन्यांचे जाळे असते. औषध तेथून थेट रक्तात शिरते. गिळावे लागत नाही, त्यामुळे बेशुद्ध माणसालाही देता येते.

तुलनेचा वाफा

वाट शोधली, पण ती चांगली की वाईट हे कसे ठरवायचे? येथे शेतीचा संबंध येतो.

कर्जतच्या भात संशोधन केंद्रावर नवा वाण पारखताना तो एकटाच लावत नाहीत. शेजारी जुना, ठाऊक असलेला वाण लावतात. तोच तुलनेचा वाफा. पुन्हा नवा वाण सगळा पाण्याजवळच्या चांगल्या जमिनीत आणि जुना वाण वरकस जमिनीत लावला, तर ती परीक्षा खोटी ठरेल. म्हणून कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे चिठ्ठी टाकून ठरवितात आणि एकाच वाणाचे अनेक वाफे घेतात. ही चिठ्ठीची पद्धत इंग्लंडमधील रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर यांनी १९२० नंतरच्या दशकात बसवली आणि १९३५ सालच्या आपल्या ग्रंथात मांडली. पुढे १९४८ साली क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची जी गाजलेली परीक्षा इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात कोणत्या रुग्णाला कोणता उपचार हे याच रीतीने ठरविले होते. म्हणजे आज दवाखान्यात ज्या कसोटीला लोक मान देतात, तिची मुळे शेतात आहेत.

तुलनेचा वाफा नसता तर काय झाले असते, ते वरच्या किल्लीच्या उदाहरणावरून कळते. शंभर जणांच्या हातात किल्ली दिली आणि नव्वद झटके थांबले, तर किल्ली गुणकारी ठरेल. शेजारी किल्ली न दिलेले शंभर जण असले, म्हणजे खरे काय ते दिसते.

मुंबई आणि दिल्लीचे अनुभव

आता प्रत्यक्ष परीक्षांकडे वळू.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००६ साली एक परीक्षा प्रसिद्ध केली. ४६ मुले आणि त्यांना आलेले १८८ झटके त्यांनी तपासले. काही झटक्यांत नाकातून मिडाझोलाम दिले, काहींत गुदद्वारातून डायझेपाम. औषध दिल्यापासून झटका थांबेपर्यंत मिडाझोलामला सरासरी सुमारे दोन मिनिटे लागली, डायझेपामला सुमारे तीन. नाकाची वाट मागे पडली नाहीच, उलट पुढे गेली.

दुसरी परीक्षा आपल्या मुंबईची. डॉ. ठक्कर आणि डॉ. शानभाग यांनी ती २०१३ साली प्रसिद्ध केली. एक महिना ते बारा वर्षे वयाची ५० मुले तिच्यात होती. एका गटाला नाकातून मिडाझोलाम, दुसऱ्याला शिरेतून डायझेपाम. शिरेतून दिलेले औषध एकदा आत गेले की थोडे लवकर काम करीत होते. पण खरी गोष्ट पुढे आहे. मूल दवाखान्यात पोहोचल्यापासून औषध सुरू होईपर्यंत नाकाच्या गटात साडेतीन मिनिटांहून कमी वेळ लागला. शिरेच्या गटात चौदा मिनिटे गेली. पोहोचल्यापासून झटका थांबेपर्यंतचा सगळा वेळ धरला, तर नाकाच्या गटात सरासरी पावणेसात मिनिटे आणि शिरेच्या गटात सतरा मिनिटे.

शेतकऱ्याने या आकड्यांचा अर्थ लगेच ओळखावा. वेगवान बैल गोठ्यात बांधलेला असेल आणि त्याला जुंपायलाच तासभर लागत असेल, तर दारात उभा असलेला साधा बैल आधी नांगर ओढतो. औषधाचा वेग एकटा पाहायचा नसतो, हाताशी येण्याचा वेळही त्यात धरायचा असतो. आणि मुंबईसारख्या शहरात, डॉक्टर व परिचारिका हजर असताना शीर शोधण्यात एवढी मिनिटे जात असतील, तर डोंगरातील पाड्याचा हिशेब निराळा मांडायला नको.

मात्र याच परीक्षेतील दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन्ही गटांत सुमारे एकतृतीयांश मुलांचा झटका पहिल्या औषधाने आटोक्यात आला नाही. त्यांना पुढचे उपचार लागले. म्हणजे फवारा हा दवाखान्याच्या ऐवजी नाही. दवाखान्यापर्यंतची वाट सुरक्षित करण्यासाठी तो आहे.

इतर देशांत काय दिसले

आफ्रिकेतील युगांडा देशाची परीक्षा आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. तेथेही मलेरिया आहे, तेथेही शिरेतून औषध देण्याची सोय सर्वत्र नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या परीक्षेत ३३० मुले होती. गालातून मिडाझोलाम दिलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के मुलांत औषध अपुरे पडले. गुदद्वारातून डायझेपाम दिलेल्यांत ४३ टक्के मुलांत अपुरे पडले. इंग्लंडमध्ये २००५ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेतही गालाचीच वाट सरस ठरली : मिडाझोलामने ५६ टक्के झटक्यांत काम साधले, डायझेपामने २७ टक्क्यांत. श्वास मंदावण्याचा त्रास दोन्ही औषधांत सारखाच दिसला. युरोपात गालात देण्याच्या तयार औषधाला २०११ साली मान्यता मिळाली. अमेरिकेत मिडाझोलामच्या नाकातील फवाऱ्याला २०१९ साली आणि डायझेपामच्या फवाऱ्याला २०२० साली मान्यता मिळाली.

आणखी एक नवी वाट श्वासाची आहे. अल्प्राझोलाम नावाचे औषध एका लहान यंत्रातून एकाच श्वासात ओढायचे. झटका येणार हे ज्यांना आधी कळते, त्यांच्यासाठी हा प्रयत्न आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षेत शंभरांहून थोडे अधिक रुग्ण होते. औषध घेतलेल्यांपैकी सुमारे ६६ टक्क्यांचा झटका दोन मिनिटांत थांबला. पण ज्यांना औषध नसलेले, दिसायला तसेच यंत्र दिले होते, त्यांच्यापैकीही सुमारे ४३ टक्क्यांचा झटका थांबला. तुलनेचा वाफा का लागतो, ते या एका आकड्यावरून कळावे. तो नसता तर सगळे ६६ टक्के श्रेय औषधाच्या नावावर जमा झाले असते.

घरात औषध ठेवायचे झाल्यास

नाकात फवारण्याचे मिडाझोलाम आपल्या देशात मिळते. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकत नाहीत, आणि ते योग्यच आहे. प्रत्येक फेफऱ्याच्या रुग्णाला ते लागत नाही. ज्याला पूर्वी लांबलेला झटका आला आहे, ज्याला एकापाठोपाठ एक झटके येतात, किंवा जो दवाखान्यापासून फार दूर राहतो, त्याच्या घरच्यांनी डॉक्टरांना स्वतःहून विचारावे. डॉक्टरांकडून पुढील गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात आणि तो कागद बाटलीबरोबरच ठेवावा.

१. झटका सुरू झाल्यापासून किती मिनिटांनी औषध द्यायचे.

२. किती फवारे द्यायचे आणि प्रत्येक नाकपुडीत किती. हे वजनावर ठरते. एका मुलासाठी दिलेले माप दुसऱ्याला वापरू नये. मूल वाढले की माप पुन्हा विचारावे.

३. झटका थांबला नाही तर दुसऱ्यांदा द्यायचे की नाही. डॉक्टरांनी सांगितले नसेल तर दुसऱ्यांदा देऊ नये.

४. बाटली नवी असताना आधी हवेत किती वेळा दाबायची, आणि बाटली कधी बाद होते. ती तारीख मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवावी.

बाटली चुलीजवळ, पत्र्याखाली किंवा मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नये. कीटकनाशकाच्या बाटल्यांजवळ तर मुळीच ठेवू नये. घरातील निदान दोघांना, आणि शेजारच्या एखाद्या समजूतदार माणसाला ती कोठे आहे आणि कशी वापरायची हे ठाऊक असावे. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या गुरुजींना आणि आश्रमशाळेतील अधीक्षकांना डॉक्टरांचा कागद दाखवावा.

झटका आला की प्रथम वेळ पाहावी. मोबाइलवर वेळ दिसते, ती मोठ्याने सांगावी म्हणजे ध्यानात राहते. रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ आणि ओकारी बाहेर पडेल. जवळचा कोयता, विळा, चूल, दगड दूर करावे. माणूस खाचरात पडला असेल तर आधी तोंड पाण्याच्या वर आणावे आणि बांधावर घ्यावे. गळ्याजवळचे कपडे सैल करावेत. हातपाय दाबून धरू नयेत. तोंडात चमचा, काठी, फडके काही घालू नये. पाणी पाजू नये. पाच मिनिटे होताच, किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, फवारा द्यावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा. फोन लागत नसेल तर गावातील वाहन उभे करावे. औषधानंतर रुग्णाला झोप येते. त्याचा श्वास नीट चालला आहे की नाही हे जवळ बसून पाहावे. त्याला एकटे सोडू नये.

शंका आणि समाधान

प्रात्यक्षिकाला जमलेल्या मंडळींत हा विषय निघाला की काही प्रश्न हमखास विचारले जातात. त्यांची उत्तरे येथे देतो.

प्रश्न : साहेब, माणूस ताडी किंवा दारू प्यालेला असेल तर?
उत्तर : दारू आणि हे औषध दोन्ही मेंदूला गुंगी आणतात. एकत्र आले तर श्वास मंदावण्याचा धोका वाढतो. अशा वेळी काय करायचे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे. फेफऱ्याच्या रुग्णाने पिणे टाळावे, हे सर्वांत बरे.

प्रश्न : लहान मुलाला ताप आला की झटका येतो. त्यालाही फेफरे म्हणायचे का?
उत्तर : सहा महिने ते पाच वर्षे या वयात तापात झटका येऊ शकतो. बहुतेक मुलांचा हा त्रास वयाबरोबर जातो. पण पहिल्या झटक्यानंतर मूल डॉक्टरांना दाखवावेच. मलेरिया किंवा मेंदूज्वर नाही ना, हे तपासावे लागते.

प्रश्न : फवारणी करताना माणूस पडला आणि झटके येऊ लागले तर?
उत्तर : ती विषबाधा असू शकते. घरातील फवाऱ्यावर विसंबून राहू नये. कपडे काढून अंग धुवावे आणि औषधाच्या बाटलीसह तातडीने रुग्णालयात न्यावे. सर्पदंशानंतर किंवा डोक्याला मार लागल्यावर झटका आला, तरी वेळ न घालवता रुग्णालय गाठावे.

प्रश्न : गरोदर बाईला झटका आला तर?
उत्तर : तो रक्तदाब वाढल्यामुळे आलेला असू शकतो आणि आई व मूल दोघांनाही त्यात जिवाचा धोका असतो. पाच मिनिटांची वाट न पाहता लगेच रुग्णालयात न्यावे.

प्रश्न : भगताकडे नेले तर चालेल का?
उत्तर : भगत हा पाड्यातील मानाचा माणूस आहे. त्याचा मान ठेवावा. पण झटका चालू असताना आधी औषध आणि रुग्णालय. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे. तेथील मंडळींनी सर्पदंशावर काम करताना गावकरी, आरोग्यसेवक आणि भगत या सर्वांशी बोलून त्यांच्या समजुती जाणून घेतल्या आणि त्याविषयीचा लेख २०२१ साली प्रसिद्ध केला. भगताला विरोधक न मानता त्याला बरोबर घेतले, तर तोच लोकांना रुग्णालयाची वाट दाखवील. फेफऱ्याच्या बाबतीतही हेच करता येईल.

रोजची गोळी हाच मुख्य आधार

फवारा हा अग्निबंब आहे. आग लागू नये म्हणून जी काळजी घ्यायची, ती रोजच्या गोळीने घेतली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे, आणि योग्य निदान व औषध मिळाले तर त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्याविना जगू शकतात. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, व्हॅलप्रोएट ही जुनी, माहितीतली औषधे आहेत. यांतील व्हॅलप्रोएट गर्भातील बाळाला अपायकारक ठरू शकते. म्हणून वयात आलेल्या मुलींनी आणि लग्न झालेल्या बायांनी डॉक्टरांना त्याविषयी विचारावे. मात्र आपल्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नये.

गोळी एकाएकी बंद पडणे हे लांबलेल्या झटक्याचे एक मोठे कारण आहे. आणि आपल्या भागात ती नेमकी केव्हा बंद पडते? भातकापणी उरकली, दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, रेती-बांधकामावर, गुजरातेत कामाला जातात. तरुण मंडळी सौराष्ट्राच्या बंदरांत मासेमारीच्या होड्यांवर खलाशी म्हणून महिनोन् महिने असतात. गोळ्या संपतात. नव्या ठिकाणी दवाखाना ठाऊक नसतो, आणि रोग सांगितला तर मुकादम कामावरून काढील अशी भीती असते. म्हणून निघण्यापूर्वी गोळ्यांचा पुरेसा साठा डॉक्टरांकडून मागून घ्यावा आणि चिठ्ठीची एक प्रत जवळ ठेवावी. आपल्या आशाताईंना जाण्याची तारीख सांगितली, तर त्या मदत करू शकतात. बियाणे घेतल्याशिवाय आपण पेरणीला जात नाही. तसेच गोळ्या घेतल्याशिवाय रुग्णाने गाव सोडू नये.

कामाची वाटणीही विचाराने करावी. ज्याचे झटके अजून आटोक्यात आलेले नाहीत, त्याने ताडावर किंवा चिकूच्या उंच शेंड्यावर चढू नये, एकट्याने विहिरीवर किंवा खाडीत जाऊ नये, पॉवर टिलर आणि मळणीयंत्र चालवू नये. निंदणी, रोपवाटिका, चिकूची प्रतवारी, कोंबड्या-शेळ्यांची देखभाल ही कामे तो चांगली करू शकतो. काम सोडून घरात बसविणे हा उपाय नाही.

फेफऱ्याचे एक कारण मेंदूत शिरलेल्या डुकराच्या पट्टकृमीच्या गाठी हे आहे. हे फक्त डुकराचे मांस खाणाऱ्यालाच होते, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. पट्टकृमी झालेल्या माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी मातीत आणि पाण्यात जातात आणि न धुतलेल्या पालेभाजीवाटे शाकाहारी माणसाच्याही पोटात जातात. शौचालयाचा वापर, भाजीला स्वच्छ पाणी, खाण्यापूर्वी हात आणि भाजी धुणे, एवढ्याने हे टळते. भाजीपाला पिकविणाऱ्या बागायतदाराची येथे मोठी जबाबदारी आहे.

चाचणीसाठी कोणी दारात आले तर

नवी औषधे पारखण्यासाठी रुग्ण लागतात. उद्या आपल्या तालुक्यांतही कोणी संशोधक येऊन विचारील. त्याला घाबरून हाकलून देऊ नये, आणि साहेब म्हणतात म्हणून अंगठाही उठवू नये. वर सांगितलेल्या दिल्ली, मुंबई, युगांडाच्या परीक्षांत रुग्णांनी भाग घेतला नसता, तर आज हा फवारा आपल्यापर्यंत आला नसता. पण भाग घेणाऱ्याचे हक्कही आहेत.

नव्या औषधांच्या चाचण्यांसाठी आपल्या देशात २०१९ सालचे नियम आहेत. त्यांप्रमाणे नीतिसमितीची मंजुरी लागते. चाचणीची नोंद देशाच्या नोंदवहीत आधी करावी लागते. सर्व माहिती आपल्याला समजेल अशा भाषेत सांगून मगच संमती घ्यायची असते, आणि लहान मुलाच्या बाबतीत ती आई-वडिलांनी द्यायची असते. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. केव्हाही बाहेर पडता येते, आणि बाहेर पडल्यामुळे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत. तेव्हा पाच प्रश्न विचारावेत : कोणते औषध? तुलनेच्या गटाला काय देणार? धोका कोणता? मंजुरीचा कागद कोठे आहे? इजा झाली तर जबाबदार कोण? फेफऱ्यात माणूस झटका चालू असताना संमती देऊ शकत नाही. म्हणून ही बोलणी तो भानावर असताना, घरच्या माणसांसमोर, आधीच व्हायला हवीत.

शेवटी एक विनंती. फेफरे हा शाप नाही, तो स्पर्शाने पसरत नाही, आणि तो रोग झाकून ठेवल्याने बरा होत नाही. १९९९ साली कायदा बदलून हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचे कारण काढून टाकले गेले. कायद्याने जे मान्य केले, ते आपल्या ओसरीवरही मान्य व्हावे. रोग लपविला की गोळी लपून घ्यावी लागते, आणि मग ती चुकते. दरवर्षी १७ नोव्हेंबर हा आपल्या देशात राष्ट्रीय अपस्मार दिन म्हणून पाळतात. भातकापणी तोवर बहुतेक उरकलेली असते आणि स्थलांतराची तयारी चाललेली असते. त्या आठवड्यात प्रत्येक पाड्याने एवढे करावे : आपल्यापैकी कोणाला फेफरे येते, त्याच्या गोळ्या किती दिवस पुरतील, आणि झटका लांबला तर वाहन कोणाचे, हे बसून ठरवावे. ज्याला गरज आहे त्याने फवाऱ्याविषयी डॉक्टरांना विचारावे. हे ठरलेले असले, म्हणजे पाचव्या मिनिटाला कोणी कांदा शोधत धावणार नाही.